एक दिवस वाढला

माझ्यावर मात करून गेलेली माणसं फार नाहीत. एक मेहुणा, एक टेम्पोवाला आणि तिसरे चाचा. पहिल्या दोघांचा हिशेब मी चुकता केला. चाचांकडे माझा एक दिवस अजून राहिला आहे आणि तो मिळण्याची आता शक्यता नाही.

पनवेलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पैशाला पासरी आहेत. काचेचं दार, एसी, भिंतीवर निळे दिवे, आणि काउंटरवर असा कोणीतरी बसलेला जो मशीन न बघताच सांगतो की फॉरमॅट मारावा लागेल. चाचांच्या दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. बंदर रोडच्या मागच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानाशेजारी, दहा बाय आठचा गाळा. आत दोन टेबलं, एक प्लास्टिकची खुर्ची, क्रोशाचे रुमाल पांघरलेले चार मॉनिटर, आणि भिंतीवर अडीच तास मागे असलेलं घड्याळ.

ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं. चाचा बावीस वर्षं कुवेतला होते, तिथल्या एका कंपनीची कॉम्प्युटरची खोली सांभाळत होते. परत येताना लोक सोनं आणतात, यांनी वेळ आणली. दुकान सकाळी नऊला उघडायचं, म्हणजे आपल्या साडेअकराला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खरोखरच्या नऊला पोहोचलो आणि बोंबलाच्या वासात अडीच तास उभा राहिलो. आल्यावर चाचांनी घड्याळाकडे बघितलं आणि मी वेळेवर आल्याबद्दल माझं कौतुक केलं.

आमची ओळख त्याच दिवशी झाली, आणि तीही भांडणातूनच. माझा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा कारखाना आहे. नेरे गावाहून सायकलवर येऊन दुसऱ्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचे सेक्शन घासणारा मी आज तळोज्यातल्या टॉवरना खिडक्या देतो. हे सगळं मी भाव करून उभं केलं आहे. कोणी शंभर म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप साठ निघतं, शिंक यावी तसं. त्यात अपमान कोणाचाच नसतो. समोरच्याने ऐंशी म्हणायचं आणि चहा मागवायचा, ही पद्धत आहे.

तर नवीन पनवेलमधले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ एके दिवशी माझ्याकडे तणतणत आले. त्यांचा कॉम्प्युटर नवी सिस्टीम टाकल्यापासून रोज दुपारी चारला बंद पडत होता. एका दुकानाने दोनदा फॉरमॅट मारला, तरी चार वाजले की गडी गार. मग कोणीतरी त्यांना चाचांकडे पाठवलं. चाचा त्यांच्या घरी गेले, मशीनला हात लावला नाही, खुर्ची घेऊन दुपारभर शेजारी बसून राहिले. चार वाजता पश्चिमेचं ऊन बरोबर सीपीयूवर आलं. चाचांनी विचारलं की ही खिडकी पूर्वीपासून अशीच आहे का. नव्हती. लाकडी झडपा काढून त्या गृहस्थांनी महिन्यापूर्वी मोठी काच बसवून घेतली होती, माझ्याकडून. नवी सिस्टीमही त्याच आठवड्यात आली होती, म्हणून बिचारी बदनाम झाली. चाचांनी टेबल दोन हात सरकवलं, चहा पिऊन परत आले, आणि गृहस्थ माझ्याकडे काचेला फुकट काळी फिल्म लावून मागायला आले. माझ्या खिडकीतून ऊन येतं ही खिडकीची चूक कशी, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मी चाचांना जाब विचारायला गेलो. त्यांनी मला बिनदुधाचा काळा चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, की मी तुमचं नाव घेतलं नाही शेठ, मी सूर्याचं घेतलं.

मला ते पहिल्यापासून शेठ म्हणायचे. पनवेलमध्ये शेठ दोन प्रकारे म्हणतात. त्यांचा प्रकार कोणता हे मला कळायचं, पण पकडता यायचं नाही.

त्यांच्या धंद्याचे नियम ऐकले असते तर कोणीही सांगितलं असतं की हा माणूस महिन्यात गाळा खाली करील. पहिला नियम, एका दिवसात एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर कुठली लागू पडली ते अल्लाला ठाऊक, असं ते म्हणत. एक बदलायची, मशीन दिवसभर चालवायचं, आणि गिऱ्हाइकाने शेजारी बसून लिहायचं की किती वाजता अडकलं आणि तेव्हा पडद्यावर काय होतं. दुसरा नियम, फॉरमॅट नाही. घरात उंदीर झाला म्हणून घर पाडणाऱ्यांकडे खुशाल जा, इथे उंदीर शोधला जाईल. तिसरा नियम खास माझ्यासाठीच केल्यासारखा होता. मजुरी एकच, ठरलेली. कोणी भाव केला तर ती कमी व्हायची नाही, वाढायचीही नाही. फक्त कामाचा एक दिवस वाढायचा. तुम्ही साठ म्हटलंत की चाचा कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "ठीक आहे, एक दिवस वाढला."

आणि चौथी ती वही. लांबडी, कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक मशीनला एक पान. त्यावर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने तीन गोष्टी लिहायच्या: काय झालं, कधीपासून, आणि त्याआधी काय बदललं. खाली सही. त्याशिवाय चाचा कामाला हात घालायचे नाहीत. लोक पहिल्या दोन ओळी रामायणासारख्या लिहीत आणि तिसरीत सगळेच लिहीत, काही नाही. चाचा ते वाचून मान डोलवत. मशीन कधी खोटं बोलत नाही, असं ते मान डोलवताना म्हणायचे. पुढचं वाक्य म्हणायचे नाहीत.

आता माझ्या पानाबद्दल.

तळोज्याच्या एका सात मजली इमारतीचं काम मला मिळालं होतं. खिडक्यांना टफन काच हवी होती. ही काच आधी मापात कापतात, मग भट्टीत घालतात, आणि एकदा भट्टीतून बाहेर आली की तिला सूतभरही कापता येत नाही. माप चुकलं तर ती काच म्हणजे बिनकामाचा आरसा. त्यात इमारत अशी, की गवंड्याने प्रत्येक भिंत वेगळ्या मूडमध्ये बांधलेली, एक खिडकी दुसरीसारखी नाही. मी रोज तीन-चार खिडक्या मोजून आणायचो आणि आमची ही ती मापं कॉम्प्युटरवर चढवायची. चढवली की मी मापाच्या चिठ्ठ्या फाडून टाकायचो. कागदच सांभाळायचे तर कॉम्प्युटर कशाला घेतला, असं मीच सगळ्यांना ऐकवायचो.

यादी भट्टीवाल्याकडे मंगळवारी सकाळी दहाला पोहोचायची होती. नाही पोहोचली तर त्याची भट्टी पुढचे पंधरा दिवस दुसऱ्याला दिलेली होती, आणि पंधरा दिवसांत बिल्डरने माझ्या जागी कोणालाही उभं केलं असतं. त्याच्या आधीच्या मंगळवारी आमच्या हिने कॉम्प्युटरवर नव्या सिस्टीमचं बटण दाबलं. ते बटण गेले कित्येक महिने दाबा दाबा म्हणून मागे लागलं होतं. सकाळी दाबलं, दुपारपर्यंत नवा पडदा, नवी चित्रं, आणि संध्याकाळपर्यंत मशीन तीन वेळा अडकलं. माउसचा बाण हलेना, मग निळा पडदा, मग आपोआप बंद आणि परत सुरू.

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. रागात माझी शहरातली भाषा सुटते आणि नेऱ्याची सुरू होते, आणि ती शेजारच्या तीन गाळ्यांना ऐकू जाते. दुसऱ्या दिवशी ही सीपीयू मांडीवर घेऊन स्कूटरवर माझ्या मागे बसली.

चाचांनी आधी सीपीयूचा वास घेतला. ही त्यांची सवय होती, फणस पिकला का बघावं तसं नाक लावायचे. मग झाकण काढलं, बॅटरीच्या उजेडात आत बघितलं, दोन मिनिटं, आणि झाकण परत लावलं. वही पुढे केली. हिने तीन ओळी लिहिल्या. तिसरी मी तिच्या खांद्यावरून वाचली: मंगळवारी नवी सिस्टीम मी टाकली, चूक माझी असेल.

मग चाचांनी वही माझ्याकडे सरकवली. मशीनचे मालक तुम्हीही ना, तुम्ही लिहा. तुम्ही काय बदललं?

"आमी काय नाय केलंय," मी म्हणालो.

"तेच लिहा."

मी लिहिलं, काही नाही. सही केली. वर विचारलं की एवढी मजुरी कसली घेता, झाकण तर उघडून बंद केलंत. चाचांनी कॅलेंडर बघितलं. एक दिवस वाढला.

म्हणजे गुरुवार तसाच गेला. मशीन टेबलावर, चाचा खुर्चीवर, मी रस्त्यावर. शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी व्हायरस पकडणारी दोन सॉफ्टवेअर होती त्यातलं जुनं काढलं, दोन पहारेकरी एकमेकांनाच धरतात म्हणाले. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहीत राहिलो, चार वीसला अडकलं, पाच दहाला अडकलं. इमारतीच्या वॉचमनलाही माझ्यापेक्षा बरी खुर्ची असते. शनिवारी पडद्याचा ड्रायव्हर बदलला. नवी सिस्टीम आली की जुना ड्रायव्हर नव्या गाडीवर बसवल्यासारखा बावरतो, असं त्यांचं म्हणणं. निळा पडदा कमी झाला, पण अडकणं राहिलं. रविवारी हार्ड डिस्क तपासली, ती ठणठणीत निघाली. मी म्हटलं, चाचा, तीन गोष्टी एकदम करा, माझा मंगळवार आला. ते म्हणाले, मंगळवार तुमचा आहे, मशीन माझ्याकडे आहे.

या चारही दिवसांत रोज चहा देताना ते एकदा विचारायचे, की शेठ, आणखी काही आठवलं का. जणू हवापाण्याची चौकशी. रोज मी म्हणायचो, नाही.

सोमवारी कुवेतच्या दहा वाजता मी पोहोचलो तेव्हा मशीन चालू होतं. यादी उघडलेली. एक तास झाला, अडकलं नाही म्हणाले. आणि टेबलावर चहाच्या बशीत एक रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी ठेवलेली, डॉक्टर पोटातून काढलेला खडा दाखवायला ठेवतात तशी.

ती पट्टी माझी होती. बाजारात जुने सुटे भाग विकणाऱ्या एकाकडून मी ती निम्म्याहून कमी भावात पाडून घेतली होती. तो रडकुंडीला आला होता, मला तर फार आनंद झाला होता. एका शनिवारी दुपारी ही जेवायला घरी गेलेली असताना मी मोबाइलवर बघून बघून ती स्वतः बसवली. मशीन पळायला लागलं की सगळ्यांना सांगायचं ठरवलं होतं. रविवारी पत्ते खेळताना ते एकदा अडकलं. मी सीपीयूला एक चापट मारली, ते सुरू झालं. मंगळवारी तिने बटण दाबलं आणि मला आरोपी आयता मिळाला. ज्याला आजवर कोणी सडका माल गळ्यात मारू शकलं नाही त्याला एका फुटपाथवाल्याने मारला, हे पनवेलला कळण्यापेक्षा सिस्टीम वाईट आणि बायको वेंधळी हे बरं होतं.

चाचांनी मला समजावलं, आवाज न चढवता. पट्टी म्हणजे गोदाम, सिस्टीम म्हणजे भाडेकरू. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात छप्पर गळतं. जुना भाडेकरू तिथे माल ठेवायचाच नाही, म्हणून कळलं नाही, एखादं पोतं भिजलं तेवढंच. नवा भाडेकरू मोठा, त्याने गोदाम भरलं. भाडेकरूची चूक नाही. मग त्यांनी यादीत एका ओळीवर बोट ठेवलं. सहाव्या मजल्यावरच्या एका बेडरूमची खिडकी तेरा फूट उंच होती. खोली नऊ फुटांची.

"ही पट्टी आत असताना जे जे लिहिलं, त्यावर माझा भरवसा नाही," चाचा म्हणाले. "हा आकडा मोठा चुकला म्हणून दिसला. छोटे दिसणार नाहीत. कोणी बसवली ते मी विचारत नाही. कधी बसवली ते सांगा."

"मंगळवारी," मी म्हणालो. बटण आणि पट्टी एकाच दिवशी झाली तर निदान निम्मं ओझं बटणावर राहतं. माझा सगळा धंदा निम्म्यावर आणण्यात गेला आहे.

चाचांनी मान डोलवली. मग मंगळवारपासूनच्या खिडक्या परत मोजा, त्याआधीच्या खुशाल कापा. यादी पेनड्राइव्हवर घालून हातात दिली.

मी पायरी उतरलो. सुक्या मासळीच्या दुकानासमोर स्कूटरला किल्ली लावली. शनिवार ते सोमवार सहावा मजला चढवून झाला होता. अख्खा. अकरा खिडक्या. मंगळवारी फक्त सातव्यावरच्या चार. भट्टीतून अकरा काचा येतील, त्यातल्या किती बसतील हे मला ठाऊक नव्हतं, चाचांनाही नव्हतं, आणि ज्या माणसाला ते ठाऊक करून घेता आलं असतं तो स्कूटरवर बसला होता. पण पेनड्राइव्ह तर चाचांनीच दिला होता. काचा चुकल्या असत्या तरी मी सगळ्या पनवेलला सांगितलं असतं की चाचांनी चुकीची यादी दिली, आणि लोकांनी माझं ऐकलं असतं, मला बोलता येतं.

मी परत वर चढलो. चाचा बशी पुसत होते.

"शनिवारी," मी म्हणालो. "त्याच्या आधीच्या. दुपारी."

त्यांनी वही उघडून माझं पान पुढे केलं, पेन दिलं. मी म्हटलं, तोंडाने सांगितलं ना, आता परत लिहायचं कशाला. त्यांनी आग्रह केला नाही. वही मिटली आणि म्हणाले, ऊन आहे तोवर मोजून घ्या.

मी तिला घेऊन तळोज्याला गेलो. सहाव्या मजल्यापासून वर सगळ्या खिडक्या परत मोजल्या. टेपचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. रासायनिक कारखान्यांचा वास येत होता आणि लिफ्ट अजून बसलेली नव्हती. तेरा फुटी राक्षस सोडून आणखी तीन मापं चुकलेली निघाली, दोन तर जेमतेम बोटभर. तिसऱ्या चुकीला तिने टेप सोडला आणि म्हणाली की मी ते बटण दाबायलाच नको होतं. मी आकडा लिहीत होतो. मी म्हणालो, हां, धर नीट.

यादी मंगळवारी पावणेदहाला पोहोचली. काचा आल्या, सगळ्या बसल्या. बिल्डरने पुढची इमारतही दिली. चाचांनी मजुरी तेवढीच घेतली, मी भाव केला नाही, आणि त्यांनी ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही. हा त्यांच्या स्वभावातला वाईटपणा.

पुढे वर्षभराने त्या गल्लीतली इमारत पाडायला निघाली. चाचा श्रीवर्धनला मुलीकडे जाणार म्हणून कळलं, तेव्हा मी गेलो. कारण काही नव्हतं, म्हणजे एक होतं. मॉनिटरवरचे रुमाल घडी करून ठेवलेले, घड्याळ अजून भिंतीवर. मी म्हटलं, चाचा, ती वही बघू. माझं पान काढलं. तिचं अक्षर, माझं अक्षर, आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने, बुधवारची तारीख घालून, चाचांच्या बारीक देवनागरीत: दोन पट्ट्या वेगळ्या. एकीवर धूळ नाही. शेठना ठाऊक आहे.

उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाचं मराठी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं असावं, ही माझी आणखी एक तक्रार.

मी भडकलो. पहिल्याच दिवशी दिसलं होतं तर मला पाच दिवस त्या खुर्चीत कशाला बसवलंत, तेव्हाच पट्टी काढून टाकायची. माझा आवाज मासळीवाल्यापर्यंत गेला असणार.

चाचांनी चहा ओतला. "पट्टी मी काढली असती शेठ. तारीख कुठून काढली असती?"

मी व्यवहारावर आलो. म्हटलं, हे पान मला फाडून द्या. ते म्हणाले, पान फाडायचं नाही, खाली जागा आहे, तिथे लिहा, माझ्या वहीत मग ते पान पुरं होईल. मी म्हटलं, असं करू, मी लिहितो, पण लिहिल्यावर तुम्ही फाडून द्यायचं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. तोंडातून गेलं. शिंक यावी तसं गेलं.

चाचांनी कॅलेंडरकडे बघितलं. ते आधीच भिंतीवरून उतरवलेलं होतं, रिकाम्या खिळ्याकडेच बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एक दिवस वाढला. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी साडेअकराला गेलो, म्हणजे बरोबर नऊला. शटर खाली होतं. मासळीवाला म्हणाला, चाचा सकाळच्या एसटीने गेले.

त्या मंगळवारपासून आमची ही कॉम्प्युटरवर कुठलंही बटण दाबायच्या आधी मला हाक मारते. साधं प्रिंटचं असलं तरी. मी कारखान्यात, मशीनच्या आवाजात, आणि ती आतून विचारते, "दाबू का?" मी हो म्हणेपर्यंत हात वर धरून थांबते. चाचांना मी यासाठी कधी माफ करणार नाही, कारण दुसऱ्या कोणावर हे घालायला जागा नाही.

ती वही आता श्रीवर्धनला एखाद्या माळ्यावर असेल. माझं पान तसंच अपुरं. म्हणून ते इथे पुरं करतो. काय झालं: मशीन अडकायला लागलं आणि मापं चुकली. कधीपासून: रविवारपासून, मंगळवारपासून नाही. त्याआधी काय बदललं: शनिवारी दुपारी, ही जेवायला गेली असताना, मी एक सडकी पट्टी बसवली. तिने दाबलेलं बटण बरोबर होतं.

हा कागद कॉम्प्युटरवर तीच चढवणार आहे. या ओळीपर्यंत आलीस की थांबू नकोस, मला हाक मारू नकोस. दाब.